एमजीबी १९६६ साठी गिअरबॉक्स घ्यायचाय, मुंबईचा एक जण सव्वा लाख म्हणतोय – घेऊ का?

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

नमस्कार मंडळी. वाचत असतो रोज पण लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी माझी नाही, मामाची. एमजीबी रोडस्टर, इंग्लंडची उघडी स्पोर्ट्स कार, १९६६ ची, १७९८ सीसी. कुठल्यातरी वकिलातीतल्या साहेबाची होती, दिल्लीला लिलावात निघाली, तिथून एकाने घेतली, त्याच्याकडून मामाने ७८ साली. तेव्हा आमचा टॉवेलचा कारखाना जोरात होता. आता गाडी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मागांच्या शेजारी उभी असते, अंगावर जुनी चादर घालून. वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघते, गड्ड्याच्या यात्रेत तर हमखास.

तर झालंय असं की तुळजापूरहून येताना घाट उतरताना सेकंड गिअर आपोआप सुटायला लागलाय. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कटाक आणि गाडी न्यूट्रल. मामा डाव्या हाताने दांडा दाबून धरून घाट उतरले, घरी येईपर्यंत बोलले नाहीत. शिवाय थर्डवरून सेकंडला टाकताना कर्रर्र होतं, आणि फर्स्ट सेकंड थर्ड तिन्हीत गिरणीसारखा आवाज, फोर्थ टाकला की एकदम शांत. आमच्या मिस्त्रींनी ऑइल काढलं तर त्यात पितळेचा वर्ख, मिठाईवर असतो ना तसा. आणि ऑइल निघालं जेमतेम पाऊण लिटर. ते पण ९० नंबरचं जाड गिअर ऑइल, काकवीसारखं. मागे पाच-सहा वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने आतलं कार्पेट नवीन करताना 'सर्व्हिसिंग पण करून दिलं' म्हणून भरलं होतं, नाव घेत नाही.

मिस्त्री म्हणतात खोलण्यात अर्थ नाही, पार्ट कुठून आणणार, अख्खा बॉक्सच बघा. शोधला तर मुंबईचा एक जण भेटला, 'एमजीबी गिअरबॉक्स विथ ओव्हरड्राइव्ह, रनिंग कंडिशन', सव्वा लाख. फोटो टाकलेत खाली. दहा हजार टोकन मागतोय आणि आज-उद्याच सांगा म्हणतोय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे. ओव्हरड्राइव्हची (टॉपच्या वरचा जास्तीचा टप्पा, इंजिन कमी फिरतं) हाव मला पण आहे कारण पुणे हायवेला शंभरला गाडी नुसती किंचाळते.

घेऊ का? आणि घ्यायच्या आधी काय बघू?

चादर_चटणी (सोलापूर)

का बे, तुमच्या मामाची म्हणजे ती हिरवी का? सात रस्त्याला बघितलीय मी ती, मागे शाळेची दोन पोरं पळत होती.

मला विचारशील तर सव्वा लाख कशाला घालतो, ॲम्बॅसेडरचा बॉक्स टाक. इंजिन एकाच खानदानातलं आहे दोघांचं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. भंगारात दहा-पंधरा हजारात मिळून जाईल लका.

डबलक्लच_दादर

हुतात्मा, आधी टोकन देऊ नका. दिलं असेल तर पुढचं वाचा आणि मग त्याला फोन करा.

तुमची गाडी ६६ ची, म्हणजे मार्क वन, पहिलं मॉडेल. हिच्यात तीन-सिंक्रोचा बॉक्स येतो (सिंक्रो म्हणजे गिअर टाकताना आतला वेग जुळवणारी पितळेची रिंग), फर्स्टला सिंक्रो नसतो, सेकंड थर्ड फोर्थला असतो. १९६७ च्या शेवटी मार्क टू आली, तिच्यात चारही गिअरला सिंक्रोवाला नवीन बॉक्स दिला. नाव दोघांचं 'एमजीबी गिअरबॉक्स'च, विकणारा खोटं बोलत नसेल कदाचित, त्याला स्वतःला माहीत नसेल. पण तो चार-सिंक्रोवाला अंगाने मोठा आहे, म्हणून कंपनीने मार्क टू ला टनेलच, म्हणजे बॉक्सवरचा मधला पत्र्याचा उंचवटा, रुंद केला. तुमच्या गाडीत तो तसाच बसत नाही, टनेल कापावा किंवा ठोकून फुगवावा लागतो. एवढ्यावर भागत नाही, इंजिनची मागची प्लेट वेगळी, फ्लायव्हील वेगळं, सेल्फ वेगळा. म्हणजे सव्वा लाखाचा बॉक्स घरी आला की त्याच्या मागे वऱ्हाड पण आणावं लागतं.

फोटोवरून मला तो चार-सिंक्रोचा वाटतोय, पण फोटोवर मी पैज लावत नाही. एक साधी युक्ती सांगतो, काही खोलावं लागत नाही. त्याला म्हणावं व्हिडिओ कॉल कर, बॉक्स रिव्हर्समध्ये टाक, पुढच्या शाफ्टला आणि मागच्या फ्लँजला (ताकद बाहेर पडते ती चकती) खडूने एकेक रेघ मार. मग पुढचा शाफ्ट हाताने फिरवत राहायचं आणि मोजायचं की मागचा फ्लँज एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत पुढचे किती फेरे झाले. पावणेपाच झाले तर तीन-सिंक्रो, तुमच्या कामाचा. तीन फेरे आणि वर थोडंसं झालं तर चार-सिंक्रो. तीन-सिंक्रोचा रिव्हर्सचा रेशो ४.७६ आहे आणि नंतरच्याचा ३.१० च्या आसपास, इतका फरक डोळ्याला दिसतोच. फर्स्टने पण करता येतं पण तिथे ३.६४ आणि ३.४४, मोजताना गडबड होते.

खडू नसेल तर टिकली लाव म्हणावं. मी एकदा बायकोची लावली होती.

गिअर_कोल्हापूर

वरचे दादर बरोबर बोलले. मी उद्यमनगरात आहे, आयुष्य गिअर आणि खरादात गेलं माझं, एमजीबीचे तीन बॉक्स खोललेत त्यामुळे दोन शब्द.

तुमची लक्षणं वाचून मला तरी अख्खा बॉक्स घेण्यासारखं काही दिसत नाही. आवाज फर्स्ट सेकंड थर्डला आणि फोर्थला गप्प, म्हणजे बोट सरळ ले शाफ्टकडे जातं, म्हणजे ज्याच्यावर खालच्या गिअरांचा जोडसंच (ले गिअर) फिरतो तो शाफ्ट. फोर्थ डायरेक्ट असतो, पुढच्या शाफ्टमधून ताकद सरळ मागे जाते, ले शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर लोड नसतो म्हणून आवाज मरतो. तुमच्या ले गिअरच्या आतल्या सुया, म्हणजे नीडल रोलर, आणि त्यांच्या खालचा शाफ्ट गेलेला असणार. पाऊण लिटर तेलावर चालली म्हणताय, त्या बॉक्सला अडीच लिटर लागतं हो! ओव्हरड्राइव्ह असेल तर अजून जास्त.

सेकंड सुटतो त्याला दोन-तीन कारणं. सिलेक्टरच्या दांड्यावरची गोळी आणि स्प्रिंग मऊ पडलेली, किंवा फोर्क झिजलेला, किंवा मग हबचे आणि गिअरचे छोटे दात गोल झालेले. पहिलं असेल तर चहाच्या पैशात काम, शेवटचं असेल तर हब आणि गिअर घ्यावा लागेल. पितळेचा वर्ख म्हणजे सिंक्रोच्या रिंगा. सेकंडची रिंग नवीन घेऊन गिअरच्या कोनवर (निमुळत्या तोंडावर) दाबून बघा मधे किती फट राहते, आणि जुनी पण तशीच दाबून बघा. जुनी पार टेकली असेल बघा.

आणि ते ९० नंबर. आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की मिस्त्रीचा हात आपोआप ९० च्या डब्याकडे जातो. एमजीबीच्या हँडबुकात गिअरबॉक्सला इंजिनचंच ऑइल आहे, २०डब्ल्यू-५०. जाड तेलात सिंक्रोची रिंग कोनला पकडतच नाही, तेलाचा थर कापता आला पाहिजे ना तिला. वर डिफरन्शियलचं ईपी (जास्त दाबासाठी रसायनं घातलेलं) ऑइल असेल तर त्यातली रसायनं पितळेला मानवत नाहीत. डिफरन्शियलमध्ये ९० बरोबर, बॉक्समध्ये नाही.

खरी भीती एकाच गोष्टीची. तीन-सिंक्रोला फर्स्टला सरळ दाताचा गिअर सरकवून घालतात, गाडी हलत असताना कुणी फर्स्ट रेटला की दातांची टोकं उडतात. आणि फर्स्टचा जोडीदार ले गिअरवरच असतो, अख्खा एक तुकडा, त्यातला एकच बदलता येत नाही. तो फुटला असेल तर खर्च वाढला समजा. इथे कापून देणारे आहेत, मी पण देईन, पण हार्डनिंग बरोबर झालं नाही तर दोन हजार किलोमीटरला परत माझ्याकडे. इंग्लंडचा नवा मिळत असेल तर तोच घ्या, माझं नुकसान झालं तरी चालेल. वेल्डिंग भरून दात घासून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

गिअर_कोल्हापूर

आणि हो, चादर_चटणी भाऊ, खानदान एक आहे हे खरं. ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, तिचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन बी सिरीजच. पण तिचा दांडा स्टिअरिंगला, एमजीबीचा खाली. सिलेक्टरचं सगळं जुगाड वेगळं, रेशो वेगळे. भाऊ-भाऊ असले म्हणून एकाची चप्पल दुसऱ्याला होतेच असं नाही. हां, बॉल बेअरिंग मात्र नंबर वाचून आपल्या बेअरिंगच्या दुकानात मागा, ॲम्बॅसेडर-एमजी काही बोलूच नका, नंबर मिळाला की बस.

चादर_चटणी (सोलापूर)

बरं बाबा, माघार. पण इझुझूवाल्या ॲम्बॅसेडरचा पाच गिअरचा? दांडा खालीच असतो त्याला.

डबलक्लच_दादर

बसवणारे काहीही बसवतात. बेल हाउसिंगला ॲडॉप्टर प्लेट, क्लच प्लेटचे आटे, प्रॉपशाफ्ट कापून नवीन, स्पीडोमीटरची केबल, दांडा सीटच्या बरोबर कुठे बाहेर येतो ते... शेवटी तिकडे इंग्लंडात लोक फोर्ड सिएराचा टाइप नाइन पाच गिअरवाला किट करून टाकतातच की एमजीबीत. रोज चालवायची गाडी असेल तर माझी काही हरकत नाही. पण मामांची गाडी ही, ४५ वर्षं सांभाळलीय त्यांनी. मी नसता केला हा उद्योग.

पुणे_मार्क_वन

माझ्याकडे ६५ ची आहे. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

पहिली रजिस्ट्रेशनची. पन्नास वर्षांवरच्या गाडीला आता व्हिंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन आहे, २०२१ च्या जुलैत केंद्राने नियम काढला, नंबरात व्हीए येतं, नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार. त्यात अट अशी आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. गिअरबॉक्स हा शब्द तिथे नाही, पण चार-सिंक्रो बसवायला तुम्ही टनेल कापणार, आणि एमजीबीला वेगळी चासी नाहीच, बॉडी हीच चासी. टनेल म्हणजे तिचा कणा. उद्या तपासणीत कुणी विचारलं तर काय सांगणार. अर्थात व्हिंटेजमध्ये टाकली की मग रोजची वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुमच्या गड्ड्याच्या फेरीचं काय ते तुम्ही बघा :)

दुसरी, बाहेरून मागवायचं. मी पण आधी अख्खा बॉक्सच मागवायला निघालो होतो. जुना वापरलेला म्हणाल तर मी बघितलं तेव्हा सेकंडहँड माल आयातीला रिस्ट्रिक्टेडमध्ये होता, परवानगी लागायची, कस्टमला अडकला की गोदामाचं भाडं रोज चढतं. रिकंडिशन केलेला म्हणाल तर तिकडचे दुकानदार तो एक्सचेंजमध्ये देतात. म्हणजे किमतीवर एक सरचार्ज लावतात, तुम्ही तुमचा जुना बॉक्स परत पाठवला की तो परत मिळतो. आता सोलापूरहून जुना गिअरबॉक्स इंग्लंडला कोण पाठवणार, भाड्यातच सरचार्ज गेला. आणि ड्युटी लागते ती वस्तूच्या किमतीवर नाही, किंमत अधिक भाडं अधिक विमा या सगळ्यावर, मग ड्युटी धरून होणाऱ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बॉक्स उचलायलाच दोन माणसं लागतात, विमानाचं भाडं बघून मी कॉम्प्युटर बंद करून चहा प्यायला गेलो.

त्यापेक्षा सुटे पार्ट. ले शाफ्ट, सुया, सिंक्रो रिंगा, थ्रस्ट वॉशर, गॅस्केट, सील हे सगळं बुटाच्या खोक्यात मावतं. एमजीबी पाच लाखाच्या वर बनल्या, त्यामुळे तिकडे पार्टचा धंदा अजून जोरात आहे. सगळे नवीन पार्ट, बिल स्वच्छ, त्यावर काय ते लिहिलेलं, कस्टमला प्रश्नच येत नाही. फक्त मागवताना '१९६२ ते ६७, तीन सिंक्रो' हे तीनदा वाचा, आणि बॉक्सवरचा नंबर, चासी प्लेटवरचा नंबर दोन्ही कळवा. आणि आधी खोला, मग यादी करा. मी उलटं केलं होतं, आजही माझ्याकडे चार-सिंक्रोची एक रिंग पेपरवेट म्हणून आहे.

ओव्हरड्राइव्हबद्दल: हाव रास्त आहे. टॉपमध्ये शंभरला आपलं इंजिन साधारण ३५०० आरपीएमवर असतं, ओव्हरड्राइव्हमध्ये २८०० वर येतं. भिगवणच्या पुढे त्या ७०० ची किंमत कळते. पण तो पण तीन-सिंक्रोचाच लेकॉक डी-टाइप पाहिजे, नंतरचा एलएच वेगळा. प्रॉपशाफ्ट आणि स्पीडोमीटर जुळवावे लागतात. निवांत शोधा, आत्ताच्या घाईत नको.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

सगळ्यांना दंडवत. काल रात्री व्हिडिओ कॉल केला. माणूस आधी कुरकुरला, 'साहेब एवढ्या वर्षांत असं कुणी सांगितलं नाही', मग म्हणाला थांबा पोराला बोलावतो. पोराने खडूने रेघा मारल्या. मी इकडे मोजतोय, मामा शेजारी खुर्चीत बसून मोजतायत, मिस्त्री पण मोजतायत. तीन फेरे आणि वर जरासं. मिस्त्री म्हणाले परत कर. परत तीन.

टोकन दिलं नव्हतं. तुमच्यामुळे वाचलो. त्या माणसालाही सांगितलं की तुझा बॉक्स मार्क टू चा आहे, तसं लिही, योग्य गिऱ्हाईक येईल. तो थँक्यू म्हणाला, खरं सांगतो.

आता खोलायचं ठरलंय. गिअरबॉक्स खालून निघत नाही, इंजिनसकट वर काढावा लागतो असं मिस्त्री म्हणतायत, बरोबर ना? मागांचे बीम उचलायची चेनपुली आहे शेडमध्ये.

डबलक्लच_दादर

बरोबर. दोन्ही जोडीने काढा, रेडिएटर आधी बाजूला. गिअरबॉक्सची मागची बाजू खाली झुकवून तिरका काढायचा, तेल काढून टाकलेलं असू दे नाहीतर शेडची फरशी तुमच्या नावाने रडेल. आणि एवढं काढताय तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या. एमजीबीचं रिलीज बेअरिंग बॉलचं नाही, कार्बनचं असतं, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते खडूसारखं झिजतं. पुन्हा इंजिन काढण्यापेक्षा आत्ताच टाका.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

अपडेट देतो, दहा दिवस झाले.

काढला. रविवारी सकाळी सातला सुरू केलं, दुपारी दोनला इंजिन आणि बॉक्स हवेत, मामांनी सगळ्यांना भाकरी, शेंगाची चटणी आणि दही मागवलं होतं, पण ते स्वतः जेवले नाहीत, चेनपुलीखालीच उभे.

आत काय निघालं तर कोल्हापूरवाल्या साहेबांनी बसल्या जागी सांगितलं तेच. ले शाफ्टवर एका बाजूने खड्डे, नखाने लागतात, चणे भाजल्यावर साल उडते तसं वरचं कातडं उडालेलं. सुया मोजल्या तर एक तुटलेली. सेकंडची रिंग कोनला पार चिकटते, मधे कागद पण जात नाही. गोळीची स्प्रिंग तर निम्मी झालीय. फर्स्टचे दात, हे वाचताना मामा शेजारी नाहीत म्हणून लिहितो, दोन दातांची टोकं थोडी उडालीत पण ले गिअर बाकी शाबूत.

प्रश्न: ले गिअर तोच ठेवू का नवीन मागवू?

गिअर_कोल्हापूर

फोटो पाहिले. टोकं उडालीत पण दाताच्या मुळाशी चीर दिसत नाही. तरी भिंगाने बघा, नाहीतर रॉकेलमध्ये बुडवून पुसा आणि वर खडूची पूड टाका, चीर असेल तर रॉकेल पाझरून रेघ उमटते. चीर नसेल तर उडालेल्या टोकांची धार ऑइल स्टोनने मारा आणि तोच ठेवा. वर्षाला पाच वेळा निघणाऱ्या गाडीला पुष्कळ आहे. पण सुया जिथे फिरतात ते ले गिअरचं आतलं भोक नीट बघा, तिथे खड्डे असतील तर मात्र नवीन. सुया दोन्ही बाजूच्या सगळ्या बदला, तुटलेली एकच नाही.

आणि मामांना सांगा, फर्स्ट टाकायच्या आधी गाडी पूर्ण थांबू द्या, क्लच दाबा, आधी सेकंडला लावा, मग फर्स्ट. सेकंडचा सिंक्रो आतलं फिरणं थांबवतो, फर्स्ट लोण्यासारखा पडतो.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

मामा म्हणाले 'हे मला ७८ साली सांगितलं होतं, मी विसरलो'.

खडूचं केलं, रेघ नाही. भोक गुळगुळीत आहे. पार्टची यादी करून ऑर्डर टाकली, ले शाफ्ट, सुया, तीन रिंगा, स्प्रिंगा, वॉशर, सील, गॅस्केट, कार्बनचं बेअरिंग. '१९६२ ते ६७' चार वेळा वाचलं. बॉल बेअरिंग इथेच नंबरने मिळाले.

एक शेवटचं. बसवल्यावर ऑइल भरायचं कुठून? आणि लेव्हल कशी बघायची? बॉक्सला डिपस्टिक आहे वर, पण गाडीत बसल्यावर ती टनेलच्या आत जाते ना?

पुणे_मार्क_वन

टनेलवर गाडीच्या आतून एक रबरी बूच असतं, कार्पेटखाली. ते काढलं की डिपस्टिक. तिथूनच नळी लावून भरायचं.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

सापडलं बूच. त्या गॅरेजवाल्याने नवीन कार्पेट केलं ना, ते त्याच्यावरून अखंड चिकटवलंय, फेव्हिकॉल लावून. म्हणजे त्याने ९० भरलं आणि वरून दार कायमचं बंद केलं. तेव्हापासून लेव्हल कुणी बघितलीच नाही. खाली सील गळत होतं, शेडच्या फरशीवर डाग पडायचा आणि आम्ही म्हणायचो इंग्रजी गाडी आहे, गळणारच.

कार्पेट कापलं. मामीने तिथे चेन शिवून दिलीय, पिशवीला असते तशी.

चादर_चटणी (सोलापूर)

चेनचा फोटो टाक की बे. आणि गाडी सुरू झाली की सात रस्त्याला घेऊन ये, चहा माझ्याकडून, ॲम्बॅसेडरच्या सल्ल्याची भरपाई.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर)

टाकतो. पार्ट यायचेत अजून.